डोंगर जारी ठेवा

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे, उभं राहून आणि घसा साफ करून कळवण्यात येतं की डोंगर चालतात. ज्यांना ही बातमी ऐकून बसावंसं वाटेल त्यांनी खुशाल बसावं. फक्त कुठे बसतोय ते आधी एकदा बघून घ्यावं.

मी भूवैज्ञानिक आहे. सरकणाऱ्या जमिनी बघणं हा माझा धंदा. आमच्या गल्लीत माणसांची नाडी बघणारे डॉक्टर तीन आहेत, डोंगराची बघणारी मी एकटी. त्यांच्याकडे पेशंट चालत येतात. माझ्याकडे पेशंट चालत आला तर पेपरात बातमी येते, म्हणून मलाच जावं लागतं.

म्हैसुरात बसून हा धंदा कसा चालतो, असं पुण्यामुंबईचे पाहुणे विचारतात. चामुंडीच्या टेकडीकडे बघून विचारतात. एक निवृत्त हेडमास्तर तर दर पावसाळ्यात फोन करून ही टेकडी शहरात येणार का याची चौकशी करायचे. मी दरवर्षी सांगायचे, नाही येणार सर, ती अखंड दगडाची आहे, तिला बूड आहे. शेवटच्या वर्षी ते जरा नाराज झाले. इतकी वर्षं वाट बघितली होती त्यांनी. माझे खरे पेशंट तीन तासांवर, हुणसूरच्या पलीकडे, कॉफीच्या मुलखात आहेत.

आता भाषेबद्दल. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते. घोडे गेले, तलवारी गेल्या, मराठी तेवढी राहिली. तीही अशी, की आमच्या घरात वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडमध्ये मुक्कामाला पोचतं. या लेखासाठी मी शुद्ध मराठीची घडीची साडी नेसले आहे. पण पुढे जे घडलं ते त्या अर्ध्यामुर्ध्या मराठीमुळेच घडलं, तेव्हा तिचा पदर मध्येमध्ये दिसणारच.

गोष्टीआधी धंद्यातली दोनच गुपितं सांगते. पहिलं असं, की डोंगरउतारावर मधेच सपाट, सुपीक, पाणी असलेली जागा दिसली तर हुरळून जाऊ नये. ती तिथे आली कुठून, हे आधी विचारावं. बहुतेक वेळा ती वरून आलेली असते. कुणीही पाहिलं नाही इतक्या जुन्या काळी डोंगराचा एक लचका सुटून खाली सरकला आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्याची पाठ म्हणजे ही सपाट जागा. वर अर्धचंद्रासारखा तुटलेला कडा दिसतो, पायथ्याशी झरे असतात, झाडांचे बुंधे बुडाशी वाकलेले असतात. माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला सपाटी दिसते, पाणी दिसतं, आणि तो घर बांधतो. मी असते तर मीही तिथेच बांधलं असतं, इतकी ती जागा छान असते.

दुसरं गुपित असं, की एकदा सरकलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी जुळत नाही. त्या कॉफीच्या मुलखातून खडकांचा एक चिरडलेला पट्टा जातो. फार फार पूर्वी जमिनीचे दोन मोठे तुकडे तिथे एकमेकांना घासले आणि मधला दगड दळून निघाला. पावसाने त्या पिठाची चिकणमाती केली. त्या मातीवरून डोंगर एकदा घसरला की घसरण्याची वाट घासून गुळगुळीत होते. सुती साड्यांचा ढीग उतरत्या फळीवर ठेवा, तो राहील. तोच म्हैसूर सिल्कचा ठेवा, आणि मला दुकानातून कळवा काय झालं ते. वर पाणी आलं की काम पुरं होतं. लोकांना वाटतं पाण्याने निसरडं होतं. खरं तर आत साठलेलं पाणी वरचं ओझं थोडं उचलून धरतं, ओल्या ओट्यावर पालथं ठेवलेलं स्टीलचं ताट जसं आपोआप सरकतं तसं. म्हणून झोपलेला जुना डोंगर जागा करायला भूकंप लागत नाही. खाली कुणी पायथा खणला आणि वर चांगला पाऊस पडला की पुरतं.

तर असा एक पायथा बेळ्ळियप्पांनी खणला.

बेळ्ळियप्पा हे एका कॉफीच्या मळ्याचे मालक. मळ्याचं नाव सांगत नाही, कारण माणूस चांगला आहे आणि मला अजूनही दरवर्षी संत्री पाठवतो. लॉरी वळावी म्हणून त्यांनी उन्हाळ्यात उताराच्या तळाशी रस्ता रुंद करून घेतला. महिन्याभरात वरच्या सपाटीवर करंगळी जाईल एवढी चीर पडली. त्या सपाटीवर कामगारांची लाइन होती, म्हणजे एका ओळीत अकरा घरं. मला बोलावणं आलं.

मी हिंडून बघितलं. वर अर्धचंद्र होता, खाली झरे होते, झाडं वाकलेली होती. सगळी लक्षणं पुस्तकात असावीत तशी. मी बेळ्ळियप्पांना सांगितलं की हा जुना सरकलेला डोंगर आहे आणि तुम्ही त्याच्या पायाखालची उशी काढलीत. ते म्हणाले, हा डोंगर माझ्या आजोबांच्या आधीपासून इथे आहे.

"आधीपासून आहे, पण इथे नव्हता," मी वर कड्याकडे बोट दाखवलं. "तो तिथे होता."

त्यांनी वर पाहिलं. मग मला अजून एक कप कॉफी दिली. कॉफीच्या मुलखात हे मान्य केल्याचं लक्षण असतं.

पावसाला दोन महिने होते. पाणी काढायची सोय पावसाआधी होणं शक्य नव्हतं, म्हणून नाडी बघायची सोय केली. एका बाजूच्या पक्क्या खडकापासून दुसऱ्या बाजूच्या पक्क्या खडकापर्यंत सरळ रेषेत खुंट्या ठोकायच्या. अशा दोन ओळी, एक सपाटीच्या वर, एक खाली. खडकावर उभं राहून एक डोळा मिटून बघायचं. खुंट्या रेषेत असतील तर डोंगर झोपलाय. एखादी रेषेबाहेर गेली तर किती गेली ते पट्टीने मोजून लिहायचं. बजेट नसलेल्या गिऱ्हाइकासाठी याहून चांगलं यंत्र मला माहीत नाही.

मोजायचं काम मानोजीरावांकडे आलं. मळ्यावरच्या कारकुनाला तिकडे रायटर म्हणतात, त्यामुळे आमच्या दोघांत खरे लेखक तेच. मूळचे हुणसूरचे, आमच्यासारखेच घोडदळवाल्यांचे वंशज. आधीची सगळी नोकरी तालुका कोर्टात नोटिसा बजावण्यात गेलेली. पहिल्याच भेटीत मराठी ऐकून त्यांनी मॅडमवरून मला तायी केलं, मी त्यांना अण्णा म्हणू लागले. अतिशय नेमका माणूस. खुंटी मोजायला जाताना इस्त्रीचा शर्ट घालायचे, समन्स द्यायला निघाल्यासारखे.

ते मला वहीच्या पानाचा फोटो पाठवत. पानावर पावसाचे थेंब, वर त्यांच्या अंगठ्याची सावली. चार फोटोंनंतर मी वैतागले आणि म्हटलं, अण्णा, आकडे वहीत राहू द्या, मला एका शब्दात कळवा. आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख वाक्यं बोलले आहे. पण एवढं आटोपशीर मूर्ख वाक्य दुसरं नाही.

आठवड्यातून दोनदा कन्नड लिपीतला निरोप येऊ लागला. "वरची ओळ ठीक. खालची ओळ ठीक." पाऊस सुरू झाला. मग एक दिवस आला, "वरची ओळ ठीक. खालची ओळ जारी."

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थांबते. जारी म्हणजे चालू, लागू. हुकूम जारी होतो, वॉरंट जारी होतं. कन्नडमध्येही हाच शब्द याच अर्थाने सरकारी कागदात असतो, आणि मानोजीराव कोर्टातले. मला वाटलं खालच्या ओळीची मोजणी अजून चालू आहे. पुढच्या वेळी आलं, "दोन्ही ओळी जारी." मी म्हैसुरात, देवराज मार्केटमागच्या माझ्या ऑफिसात, दुसऱ्याच कुणाच्या डोंगराचा नकाशा समोर पसरून बसले होते. मला फार बरं वाटलं. धो धो पाऊस पडतोय आणि अण्णा नेमाने दोन्ही ओळी मोजतायत. मी उत्तर पाठवलं, "छान. असंच जारी ठेवा." वर शाबासकीचा अंगठाही पाठवला.

पण साध्या, घरच्या कन्नडमध्ये जारी म्हणजे घसरून. लहानपणी मोरीत धावले की घरात ओरडा व्हायचा, जारून पडशील. रोज ऐकलेला शब्द! आणि तो लिहिलेला दिसला तेव्हा मला कोर्ट आठवलं, मोरी आठवली नाही. मानोजीरावांना लिहायचं होतं की खुंट्या घसरल्यात. एका शब्दात सांगा म्हटल्यावर त्यांनी घसरल्याच्या क्रियापदाचं शेपूट कापून पाठवलं होतं. कोर्टातला माणूस, हुकमाबाहेर एक अक्षर जास्त लिहायचा नाही.

असे तीन निरोप आले, तीन वेळा मी शाबासकी दिली. तिसऱ्या निरोपानंतर चौथ्या दिवशी दुपारी मानोजीरावांच्या नंबरावरून फोन आला, पण आवाज बाईचा होता. गौरम्मा बोलत होती. लाइनीतलं पहिलं घर तिचं. तीस वर्षं कॉफी खुडून हाताची बोटं वाकलेली, जीभ मात्र सरळ. ती कन्नडमध्ये जे म्हणाली ते मराठीत असं होतं.

"म्हैसूरला बसून आमचा डोंगर जारी ठेवायला सांगता म्हणे. ठेवलाय. माझी चूलही जारी झाली आज, भिंतीपासून दोन बोटं. तिला कुठे ठेवू?"

मी खुर्चीतून उठले ते आठवतं. मग मी अण्णांना फोन द्यायला सांगितलं आणि वहीतले आकडे वाचायला लावले. खालच्या ओळीची चौथी खुंटी, मिलिमीटरमध्ये, एकेका मोजणीला किती सरकली ते. दोन. तीन. तीन. पाच. नऊ. सोळा. ते शांतपणे, नोटीस वाचल्यासारखे वाचत होते. पहिल्या तीन मोजण्या त्यांनी ठीक म्हणून सोडल्या होत्या.

यात डोंगर किती सरकला याला फारसं महत्त्व नाही. जुने डोंगर वर्षाला बोटभर सरकत शतकं काढतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. बघायचं असतं ते दर वेळचं पाऊल आधीच्यापेक्षा मोठं आहे का. तीन, तीन, तीन म्हणजे म्हातारा फिरायला निघालाय. पाच, नऊ, सोळा म्हणजे तो धावायला लागलाय.

मी गाडी काढली. हुणसूरपर्यंतची तंबाखूची शेतं एरवी मी कौतुकाने बघते. त्या दिवशी ती कधी संपली कळलं नाही. डोक्यात एकच हिशेब होता, अकरा घरं आणि माझा अंगठा.

पोचल्यावर कळलं ते आणखी वाईट होतं. आठवड्यापूर्वीच गौरम्माने घर सोडायची तयारी केली होती. भांडी बांधली होती. मानोजीरावांनी तिला थांबवलं होतं. मॅडमचा लेखी हुकूम आहे, डोंगर जारी राहू दे, शिकलेल्या बाई आहेत, आतला ताण निघून जात असेल, असं त्यांनी सगळ्या लाइनीला समजावलं होतं. त्यांना स्वतःला ते पटलं नव्हतं. पण हुकूम बजावायचा असतो, त्यावर मत द्यायचं नसतं, हे ते आयुष्यभर शिकले होते.

लाइनीसमोर पावसात सगळे जमले. मी म्हटलं, आत्ता निघायचं, सूर्य मावळायच्या आत, वरच्या धारेवर कॉफीच्या गोदामात. कुणी हललं नाही. गौरम्मा कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"गेल्या आठवड्यात राहा म्हणालात, आज निघा म्हणता. यातलं खरं कुठलं?"

मानोजीराव छत्री घेऊन माझ्या बाजूला उभे होते. चूक त्यांची, शब्द त्यांनी अर्धा लिहिला, असं ते बोलायला लागले. मी त्यांना थांबवलं. स्टेजवर उभं राहून टाळ्या घेणं मला जन्मजात जमतं. त्या दिवशी उभं राहून जे म्हणायचं होतं ते लहान होतं, आणि त्याच्यासाठी घसा साफ करावासा वाटला नाही.

"आजचं खरं. आधीचं मी न समजता लिहिलं. चूक माझी आहे."

तरी कुणी हललं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. कबुली दिल्याने माणूस बरोबर ठरत नाही. मग मी गौरम्माला हाताला धरून खालच्या ओळीच्या खडकावर नेलं, एक डोळा मिटायला सांगितलं आणि म्हटलं, या खडकावरून समोरच्या खडकाकडे बघ. या खुंट्या उन्हाळ्यात एका सुतात होत्या, आम्ही त्या ठोकत होतो तेव्हा तूच तर हसत होतीस.

तिने बघितलं. दोन्ही टोकांच्या खुंट्या जागेवर होत्या आणि मधल्या खुंट्या दरीकडे झुकत गेल्या होत्या, भरल्या पोटाच्या माणसाच्या पट्ट्यासारख्या. त्या फुगवट्याच्या बरोबर वर तिचं घर होतं. तिने उघडा डोळाही मिटला, मग वळली आणि घरात गेली. बाहेर आली तेव्हा डोक्यावर भांड्यांचं गाठोडं होतं, तेच, आठवड्यापूर्वी बांधलेलं. तिने ते सोडलंच नव्हतं. तिच्यामागे बाकीची दहा घरं निघाली. बेळ्ळियप्पांनी स्वतः जीपच्या सहा फेऱ्या मारल्या. सहाव्या फेरीत फक्त कोंबड्या होत्या, आणि त्या मालकाशी अत्यंत उद्धटपणे वागल्या.

तिसऱ्या दिवशी सपाटी गेली. लोकांना वाटतं अशा वेळी गडगडाट होतो. तसं काही झालं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती आख्खी जमीन, झाडं उभीच ठेवून, दोन माणसांच्या उंचीइतकी खाली उतरली. घाई नसलेल्या माणसासारखी. चार घरं मोडली. बाकीची वाकडी होऊन उभी राहिली. आत कुणी नव्हतं. गोदामाच्या दारात उभं राहून आम्ही सगळे ते बघत होतो.

मला लोक विचारतात, मग तुझा उपयोग काय झाला? प्रश्न रास्त आहे. गौरम्माला शास्त्र न शिकता जे कळलं होतं ते माझ्या शास्त्राने आठवडाभर अडवून धरलं. याचा सल अजून आहे, आणि तो राहावा असंही मला वाटतं. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वहीत शब्दांसाठी रकानाच नाही. फक्त आकडे. पानावर अंगठ्याची सावली आली तरी चालेल.

पण पुढचं मात्र मी मान वर करून सांगते. जागा झालेला डोंगर पुन्हा झोपवता येतो. त्याला बांध घालून अडवायला जाऊ नये, तो बांधासकट निघतो. त्याच्या पोटातलं पाणी काढावं आणि पायथ्याशी काढलेली उशी परत द्यावी. पाऊस संपल्यावर बेळ्ळियप्पांनी आपला लाडका रस्ता दगडांनी भरून टाकला. लॉरी आता लांबून वळते. आणि मी म्हैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात भोकं पाडलेले पाइप बनवायला दिले. तिथला मेस्त्री मला दोनदा फोन करून विचारत होता की भोकं नक्की पाडायची आहेत ना. आयुष्यभर तो पाइपांची भोकं बुजवत आला होता. मी म्हटलं, पाडा, हवी तेवढी पाडा. शेवटी एवढे सुंदर भोकाभोकांचे पाइप झाले की त्याने त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला.

पायथ्यापासून डोंगराच्या पोटात, किंचित वरच्या दिशेने, लांब आडवी भोकं पाडायची आणि त्यात हे पाइप सारायचे. पहिली दोन कोरडी निघाली. त्या दिवशी बेळ्ळियप्पांकडून कॉफी एकच कप मिळाली. तिसरं भोक चिरडलेल्या पट्ट्यात शिरलं आणि यंत्र बाजूला घेताच आतून गढूळ, तांबडं पाणी उसळलं. यंत्रवाला भिजला, मानोजीरावांचा इस्त्रीचा शर्ट भिजला. अण्णांनी आधी घड्याळ बघून वेळ वहीत टिपली आणि मग चष्मा पुसला. पाणी दोन दिवस गढूळ येत होतं, मग नितळ झालं.

पुढचा पावसाळा चांगला दणदणीत झाला. आम्ही नव्या खुंट्या ठोकल्या होत्या. मानोजीराव आठवड्यातून दोनदा आकडे पाठवत होते आणि प्रत्येक आकडा फोन करून वाचूनही दाखवत होते. शून्य. एक. शून्य. शून्य. इतका सुंदर कंटाळा मी आजवर अनुभवलेला नाही. डोंगर बरा झाला असं मी म्हणणार नाही, म्हणू नयेच. तो झोपलाय. पाइप साफ ठेवले तर झोपून राहील.

अकरा घरं आता बाजूच्या एका खडकाळ सोंडेवर आहेत. जागा चढउताराची आहे, परसात केळ लावायला माती वरून आणावी लागली, आणि सपाटी गेल्याबद्दल लाइनीतले लोक मला अजून टोमणे मारतात. खडकावर पाणी नव्हतं. पण पाइपांची तोंडं घरांपेक्षा थोडी उंचावर होती, तेव्हा बेळ्ळियप्पांनी ते पाणी एका टाकीत घेऊन खाली घरांपर्यंत नळ आणले.

नळ सुरू झाला त्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं होतं. नारळ फोडला. मी दोन शब्द बोलायच्या तयारीत होते, चांगले चार पानी दोन शब्द. बेळ्ळियप्पा, मानोजीराव, सगळी लाइन रांगेने उभी. पहिला नळ उघडायचा मान गौरम्माला दिला. आधी हवा फुसफुसली, मग थंड, स्वच्छ धार आली. मी तिला हळूच सांगितलं की हे डोंगराच्या पोटातलंच पाणी आहे, ज्याने तुझं घर ढकललं तेच.

गौरम्माने धारेखाली हात धरला, मग दुसरा धरला, आणि सगळ्यांसमोर, कुणाचीही वाट न बघता, त्या पाण्यालाच म्हणाली,

"मला घरासकट ढकललंस ना, आता माझी भांडी घास."